इंदो चेन्निंगचं घर निघालं

घर उचलून नेणार, ही बातमी तेन्रीला कळली तेव्हा ती मागच्या अंगणात बसून मासे साफ करत होती. सांगितलं ते सरपंचांच्या बायकोनं, तेही मिठाची बरणी शोधता शोधता. नदीकाठच्या इंदो चेन्निंगचं घर शुक्रवारी नमाज झाली की माणसं खांद्यावर घेणार आणि वर शाळेमागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवणार; तेव्हा त्या दुपारी गावाचं जेवण तिकडेच. एवढं बोलून बाई मीठ घेऊन आत गेल्या. इकडे तेन्रीच्या हातातला मासा कधीच सुटून बादलीत पडला होता आणि ती तशीच, खवल्यांनी भरलेल्या हातांनी, अंगणभर नाचत होती.

नाचायला कारणही तसंच होतं. ती मकास्सरच्या एका सरकारी विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचा प्रबंध गाळात रुतलेल्या होडीसारखा कित्येक महिने एका जागी बसला होता. विषय तिनंच हौसेनं घेतलेला: आपली खांबांवरची लाकडी घरं भूकंपात हलतात, ती नेमकी कशी हलतात? काँक्रीटचं बसतं आणि लाकडाचं उभं राहतं, हे आमच्या बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. पण सांगणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं. तिच्या मार्गदर्शक नूरहिक्मा मॅडम आवाजानं फार गोड आणि बोलण्याला फार कडू. त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, की काड्यांची खेळण्यातली घरं हलवणारे मी पुष्कळ पाहिले. खरं घर हलवून त्याचे आकडे आण, नाहीतर गावाहून परतलीस की हा विषय सोडायचा आणि काँक्रीटचे ठोकळे फोडायला बसायचं. तेन्रीच्या वर्गातले निम्मे लोक ठोकळेच फोडत होते. त्यांच्या तोंडावरसुद्धा हळूहळू ठोकळ्याची कळा यायला लागली होती.

आता आपलं राहतं घर कोण कुणाला हलवू देणार? आणि भूकंपाची वाट बघत बसावं तर ते पाप. अशा वेळी एक आख्खं घर, खांब, छप्पर, खिडक्यांसकट, स्वतःहून रस्त्यानं चालत जाणार होतं. तेन्री आमच्यासारखीच बुगीस जमातीची. पूर्वी माणसं घरं खांद्यावर घेऊन जायची, हे तिनं आजोबांकडून ऐकलेलं होतं. पण मकास्सरच्या दुमजली पक्क्या घरात वाढलेल्या पोरीला ती गोष्ट आजोबांच्या बोलणाऱ्या मगरीइतकीच खरी वाटायची. आता ती मगर तिच्या दारात येऊन उभी होती. हल्लीच्या फोनमध्ये हादरे मोजायची सोय असतेच. एक फोन खांबाच्या पायाशी बांधायचा, एक माथ्याशी. खालचा हादरा वर पोचेपर्यंत सांध्यांनी किती गिळला, ते घर स्वतःच सांगणार. त्या संध्याकाळी मासे करपले, आणि त्याबद्दल तिनं सगळ्यांची बोलणी हसत हसत खाल्ली.

ती त्या गावात होती ती गावमुक्कामाला. पदवी हवी तर शेवटच्या वर्षी एखाद्या गावात जाऊन राहायचं आणि गावाच्या उपयोगी पडायचं, असा आमच्याकडच्या विद्यापीठांचा नियम. तिच्या गटात सात जण होते, सगळे सरपंचांकडे उतरलेले. कुणी शेतकी शिकणारं, कुणी कायदा, कुणी दातांचा डॉक्टर होणारं. गटप्रमुख होता फदलान, जनसंपर्क विषयाचा. पोरगा मनानं चांगला, कामाला वाघ, पण त्याच्या लेखी जे फ्लेक्सवर छापलं नाही ते घडलंच नाही. पोरांना हात धुवायला शिकवलं, त्याचा फ्लेक्स. कचऱ्याचे डबे ठेवले, त्याचा फ्लेक्स. गल्ल्यांना नावाच्या पाट्या लावल्या, त्याचाही. गावात गल्ल्या दोन, आणि आधीच्या वर्षीच्या मुलांनी, त्याच्या आधीच्याही मुलांनी पाट्याच लावलेल्या, त्यामुळे गल्लीपेक्षा पाट्या जास्त झाल्या होत्या. सगळ्यात चांगल्या उपक्रमाला विद्यापीठाची ढाल मिळायची. ती ढाल फदलानला स्वप्नातसुद्धा दिसायची, असं त्याच्याशेजारी झोपणारा पोरगा सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तेन्री नदीकाठी पोचली. इंदो म्हणजे आई, पण चेन्निंगबाई गावात सगळ्यांचीच इंदो होती. साठीची, काटक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा समुद्रापलीकडे मलेशियात तेलताडाच्या मळ्यावर. आपलं भातखाचर ती स्वतः बघायची, आणि गावात कुणाचंही लग्न असो, मोठ्या पातेल्यांवर हुकूम तिचाच चालायचा. या वर्षीच्या पुरानं तिची केळीची बाग खाल्ली होती. आता काठ इतका जवळ आला होता, की जिन्याच्या पायरीवर बसून पान थुंकलं तर ते नदीत पडलं असतं.

"कुणाची गं तू?" तिनं विचारलं. तेन्रीनं आईवडिलांचं मूळ गाव सांगितलं.

"म्हणजे आपल्यातलीच. मग सिमेंटात वाढलेल्या पोरीला लाकडाचं एवढं काय कौतुक?"

तेन्रीनं सगळं सांगितलं. भूकंप, सांधे, नूरहिक्मा मॅडम, काँक्रीटचे ठोकळे, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. बोलता बोलता ती हातांनी घर हलवून दाखवत होती. इंदो गालातल्या गालात हसत होती. मग तिनं तेन्रीला आत नेलं आणि मधल्या एका खांबापाशी उभं केलं. खांब हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. ही घराची नाभी. घर बांधताना सगळ्यात आधी हा खांब उभा राहतो आणि तो घरधनिणीचा असतो. मुलगा मलेशियाला निघाला तेव्हा आधी या खांबाला मिठी मारून मग आईला भेटला होता.

"बांध तुझे फोन," इंदो म्हणाली. "पण खिळा नाही हां. या खांबाला माझ्या नवऱ्यानं कधी खिळा मारला नाही. मारला असता तर मी त्याला मारलं असतं."

खिळा नाही, दोरा नाही, फक्त मऊ कापड, असं तेन्रीनं छातीवर हात ठेवून कबूल केलं. मग तिनं गटातल्यांचे फोन मिळवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याकडे काही दिवसांसाठी फोन मागायचा म्हणजे मूत्रपिंडच मागायचं. पण तिचा उत्साह असा, की चौघांनी काढून दिले. फोन जुनेच. एकाची काच फुटलेली, एकाची बॅटरी दुपारीच मान टाकणारी. पुढचे दिवस ती सरपंचांच्या घराच्या खांबांना फोन बांधायची आणि दातांच्या डॉक्टरीणबाईला जिन्यावरून वरखाली पळायला लावायची. अशातच एकदा फदलान आपला फोन तिच्या नाकासमोर धरून विचारत होता, कसा झालाय, छापायला टाकू का? तेन्रीच्या तोंडात कापडाचं टोक होतं आणि डोळे गाठीवर. मान न वळवता ती म्हणाली, मस्त, मस्त, टाक.

शुक्रवार उजाडला तो गडबडीतच. घराच्या मागे बायकांनी चुली मांडल्या होत्या. तांदळाच्या पिठाचे, आत ताडगूळ भरलेले उंबा-उंबा उकळत्या पाण्यात पडत होते आणि शिजले की टुणकन वर येत होते. नव्या जागी जाताना हेच करायचं, म्हणजे घरातली माणसंही अशीच वर येतात. जाणत्यांनी सकाळीच खांबांना खांद्याच्या उंचीवर आडवे बांबू बांधून ठेवले होते. कपाट आणि काचेची भांडी शेजारी गेली होती. बाकीचा संसार जागच्या जागी. इंदो पिठाच्या हातांनी चुलींभोवती फिरत होती आणि प्रत्येकीच्या गोळ्यात खोट काढत होती.

तेन्री मागच्या जिन्यानं वर गेली. दोन फोन नाभीच्या खांबाला, पायाशी आणि माथ्याशी. दोन कोपऱ्यातल्या खांबाला, तसेच. आपल्याच ओढण्या फाडून केलेल्या पट्ट्यांनी तिनं ते असे घट्ट बांधले, की खांबाला ताप आल्यासारखा वाटावा. मशिदीतून शेवटची दुआ ऐकू आली तशी तिनं चारही फोनवरची लाल बटणं दाबली. माणसं आली की मग घरात घरधनिणीशिवाय कुणी थांबायचं नसतं, म्हणून ही घाई. तिचं काळीज असं उडत होतं, की ते हादरेही फोननं टिपले असतील अशी तिला शंका आली. ती मागच्याच जिन्यानं खाली उतरली.

पुढच्या बाजूला माणसं येत होती. पांढऱ्या टोप्या, स्वच्छ लुंग्या, एकमेकांना ढकलत, टाळ्या देत. पलीकडच्या वाडीतलेही आले होते. सगळ्यांत पुढे अम्बो सुलो, खणखणीत आवाजाचा म्हातारा; घर उचलताना पुकारा करायचा तो त्यानंच. तो जिन्यापाशी आला, थांबला, वर पाहू लागला. त्याच्या मागचे थांबले. हसणं एकेक करून विझलं. सगळे वळले, नारळांच्या सावलीत जाऊन बसले आणि त्यांनी सिगारेटी पेटवल्या.

फदलान कॅमेरा सरसावून पुढे झाला. फोटोसाठी एकदा बांबूपाशी रांग करता का, असं त्यानं विचारलं. एकानं अदबीनं मान हलवली आणि बसून राहिला.

काय झालं म्हणून इंदो मागून आली. पिठाचे हात तसेच. तीही वर पाहत उभी राहिली, आणि सावकाश, ओठ हलवत तिनं वाचलं. मग ती पुढच्या जिन्यानं चढली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तेव्हा कुठे तेन्रीनं वर बघितलं. नमाजला जायच्या आधी फदलाननं घराच्या तोंडावर, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर सात विद्यार्थ्यांचे हसरे चेहरे होते. सरपंचांचा होता, दोन प्राध्यापकांचे होते. इंदोचा नव्हता. आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: विद्यापीठाचा गावमुक्काम उपक्रम, गरजू रहिवाशाच्या घराचे स्थलांतर.

बुगीस माणसाला उपाशी ठेवा, तो सहन करील. त्याच्या अब्रूला हात लावू नका. तिला आम्ही सिरी म्हणतो, आणि ती गेली तर उरलेल्या माणसाला ओवाळून टाकायचं का, असं विचारतो. घराला खांदा लावणं ही कुणाची कुणावर दया नसते. आज ज्याचा खांदा, उद्या त्याचं घर. या गावातलं असं एक घर नव्हतं, जे उचललं तेव्हा चुलीपाशी इंदो नव्हती. तिच्याच दारावर तिला गरजू म्हणून टांगलं होतं. त्या फ्लेक्सखाली जो खांदा लावील तो त्या अक्षरांना हो म्हणणार, म्हणून एवढी माणसं काही न बोलता बसून राहिली होती.

"पण गरजू आहेच ना ती?" फदलान कुजबुजला. तो खरोखरच गोंधळला होता. "घर नदीत चाललंय तिचं."

"तुझ्या आजीच्या दारावर हे लावलं असतंस?"

फदलानची आजीही बुगीसच. तो फ्लेक्सकडे निघाला, पण इंदो आत असताना तो ओढायचा धीर त्याला झाला नाही. तेन्रीचा राग त्याच्यावर धड निघेना. आपणच मस्त म्हणालो होतो, न बघता, हे तिला चांगलंच आठवत होतं. ती जिना चढली आणि दारावर टकटक केली. मग दार लोटून ती आत गेली.

इंदो नाभीच्या खांबाला टेकून बसली होती. तिच्या डोक्याच्या वर आणि पायाशी फोनचे लाल ठिपके लुकलुकत होते. तेन्रीची नजर आधी त्या ठिपक्यांकडे गेली, आणि गेली म्हणून तिची तिलाच लाज वाटली. ती खाली बसली. चूक आमची, मी बघायला हवं होतं, मी बघितलं नाही, असं तिनं सरळ सांगितलं. हे फोन काढून नेते, म्हणाली. तुमचं घर तेवढं जाऊ दे. फोन काढले की प्रबंध संपला, हे इंदोलाही माहीत होतं.

"हात लावू नकोस," इंदो म्हणाली. "आता या घरातल्या कशालाच कुणी हात लावायचा नाही."

"मग घर?"

"घराचं काय? उपक्रम तुमचा आहे ना? चेहरेसुद्धा तुमचेच आहेत. मग उचला."

तेन्री खाली आली. खाली उतरेपर्यंत तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं होतं. तिनं गटातल्या सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की आपण लिहिलंय आपण उचलणार, तर चला, उचलू. कायदेवाला पोरगा म्हणाला, वेड लागलंय का? दातांची डॉक्टरीण म्हणाली, सगळं गाव बघतंय. बघू दे, तेन्री म्हणाली, बघण्यासाठीच तर फ्लेक्स लावलाय.

सात जण बांबूंखाली घुसले. घर केवढं आणि सात जण केवढे. कुणी पंजे टेकले, कुणी खांदा. फदलाननं कॅमेरा गळ्यातून काढून गवतात ठेवला, हे त्यानं त्या मुक्कामात पहिल्यांदाच केलं. तेन्रीनं आरोळी दिली आणि सगळ्यांनी जीव खाऊन रेटलं. घर ढिम्म. पुन्हा आरोळी, पुन्हा रेटा. मानेच्या शिरा फुगल्या, तोंडं टोमॅटोसारखी झाली, कायदेवाल्याची लुंगी सुटली आणि ती धरू की बांबू धरू हे त्याला सुचेना. छपरातून एक पाल मात्र खाली पडली. तिसऱ्या रेट्याला फदलान घसरून पाठीवर आपटला आणि आडवा पडल्या पडल्या, आपल्याच फ्लेक्सवरच्या आपल्याच हसऱ्या तोंडाकडे बघत राहिला.

सावलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. अम्बो सुलोनं सिगारेट विझवली आणि तो गुडघ्यावर हात ठेवून उठला.

"पुरे रे पोरांनो. कंबरा मोडतील, आणि मग आम्हाला गरजू विद्यार्थ्यांचा फ्लेक्स छापावा लागेल."

नारळाखाली हास्याचा स्फोटच झाला. मागच्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. फदलान उठला, जिन्यावर चढला आणि गाठी सोडायचंही भान न ठेवता त्यानं फ्लेक्स ओढून काढला. मग तो बंद दारासमोर उभा राहिला. त्याला जनसंपर्काच्या पुस्तकात शिकवलेलं काहीही आठवलं नाही. त्यानं नुसतं म्हटलं, "इंदो, चुकलो. माझ्या आजीनं मला चुलीतल्या लाकडानं मारलं असतं."

खिडकी उघडली. इंदोचं डोकं बाहेर आलं. डोळे ओले होते, पण ते हसून की कशानं, हे खालून कळत नव्हतं. ती म्हणाली, त्या कापडाची घडी कर आणि मागे बायकांना नेऊन दे, पातेली ठेवायला काहीतरी हवंच होतं. चेहरे खालच्या अंगाला कर, नाहीतर लोकांची भूक जाईल. मग तिनं बोटानं तेन्रीला हाक मारली.

"आणि तू. तुला घर कसं हलतं ते बघायचंय ना? मग बाहेर उभी राहून काय बघणार? लाव खांदा."

बायकांनी खांदा लावायची आमच्याकडे रीत नाही. अम्बो सुलोनं भुवया वर केल्या, पण नाभीच्या खांबाची मालकीण बोलली म्हटल्यावर त्यानं बांबूकडे बोट केलं. तेन्रीनं फोनकडे एकदा जाऊन यावं का, असं विचारायला तोंड उघडलं. माणसं बसून होती त्यात किती वेळ गेला होता देव जाणे, आणि जुन्या बॅटऱ्या मान टाकायच्या बेतात असणार. पण खिडकी मिटली होती. घरधनीण आत बसली, आता कुणी वर जायचं नाही. तेन्री बांबूखाली शिरली. एका बाजूला फदलान, दुसऱ्या बाजूला एक दांडगा कोळी, ज्याच्या अंगाला सुक्या मासळीचा वास येत होता.

आता घराच्या चारही बाजूंना माणूसच माणूस होता. मधल्या खांबांमध्येसुद्धा माणसं वाकून उभी होती. अम्बो सुलो पुढे गेला, त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि मग असा पुकारा केला, की नदीपलीकडचे बगळे उडाले. सगळ्यांनी एका आवाजात उत्तर दिलं. दुसरा पुकारा, दुसरं उत्तर. तिसऱ्या उत्तराबरोबर तेन्रीच्या खांद्यावर एकदम पहाड आला, आणि पुढच्याच क्षणी तो हलका झाला, कारण तो सगळ्यांचा झाला. घराचे पाय दगडांवरून सुटले. घर हवेत होतं.

ते निघालं. आधी आळस दिल्यासारखं, मग ठरलेल्या पावलांनी. वरती सगळं लाकूड बोलत होतं. सांधे करकरत होते, तुळया कुरकुरत होत्या, छपराचे पत्रे थडथडत होते, आणि कुठेतरी आत एक विसरलेलं टोपलं इकडून तिकडे घरंगळत होतं. तेन्रीला तो आवाज खांद्यातून हाडात जाणवत होता. पुढचे खांब डावीकडे कलले की मागचे क्षणभर थांबून कलत. एकदम नाही, एकामागून एक, घर अंग चोरून धक्का पुढे सरकवत होतं. पुस्तकातली सगळी गणितं तिच्या मानेवरून चालली होती. ती ओरडत होती, आणि काय ओरडत होती ते तिलाच कळत नव्हतं. शेजारचा कोळी तिच्याकडे बघून दात काढत होता.

चढावर मागच्या माणसांचे पाय घसरले. घर एका बाजूला झुकलं, बायका किंचाळल्या, फदलाननं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. अम्बो सुलोचा आवाज चाबकासारखा आला. खालच्या बाजूची माणसं वाकली, वरच्यांनी खांदे उचलले, घर करकरून एकदा मोठ्यानं कण्हलं आणि पुन्हा सरळ झालं. खिडकीतून इंदो ओरडून म्हणाली, की नीट चाला रे, आत म्हातारी आहे. हसता हसता निम्म्यांचा दम गेला, तरी कुणी थांबलं नाही. शाळेमागे मांडून ठेवलेल्या दगडांवर खांब एकेक करून टेकले, आणि शेवटचा टेकला तेव्हा गावानं असा जल्लोष केला, की शाळेची घंटा वाजवायला कुणाला सांगावंच लागलं नाही, पोरांनी वाजवलीच.

तेन्रीचे पाय थरथरत होते. खांदा सोलवटला होता. इंदोनं दार उघडलं आणि तिला ये म्हणून खूण केली, तशी ती जिना चार पायांनी चढली. कोपऱ्यातल्या खांबाचे दोन्ही फोन मेलेले होते, काळेठिक्कर. कधी गेले कोण जाणे. नाभीच्या खांबाकडे वळायचा तिला धीर होईना. इंदोनंच तिचं मनगट धरून तिला तिकडे नेलं. खालचा ठिपका लुकलुकत होता. वरचाही लुकलुकत होता, बॅटरीच्या शेवटच्या धुगधुगीवर. तेन्रीनं खांबाला मिठी मारली आणि ती मोठमोठ्यानं रडायला लागली. इंदोनं तिला थोडा वेळ रडू दिलं, मग म्हणाली की पुरे, खांबाला पाणी लागलं की लाकूड फुगतं.

बायकांनी पातेली वर आणली होती; घराखाली जेवणं झाली. उंबा-उंबा फ्लेक्सच्या पाठीवर मांडलेल्या पातेल्यांतून वाटले गेले, आणि वाढायला होता फदलान. त्यानं एकही फोटो काढला नाही. कुणीतरी त्याला काढ म्हणाल्यावर अम्बो सुलोनंच कॅमेरा घेतला आणि इंदोला मधोमध बसवून सगळ्या गावाचा एक काढला, ज्यात फदलानचं अर्धं डोकं कापलं गेलं.

तेन्री मात्र जेवायला बसलीच नाही. तिनं दोन्ही फोनचे आलेख काढून, गावात जिथे रेंज मिळते त्या विहिरीच्या कठड्यावर चढून, नूरहिक्मा मॅडमना पाठवले. मग तिथेच बसून राहिली. मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा गोड होता, पण यावेळी बोलणंही गोड होतं. पायाशी एवढा मोठा हादरा आणि माथ्याशी त्याचा इतकाच उरतो, हे त्या दोनदा म्हणाल्या. चढावरच्या त्या मोठ्या झुकण्यानंतरही घर मूळ जागी येतं, हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. विषय तुझा, म्हणाल्या, ठोकळे विसर. तेन्री कठड्यावर उभी राहिली आणि पडता पडता वाचली.

"फक्त एक कळलं नाही," मॅडम म्हणाल्या. "खरे हादरे सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, तीन वेळा अगदी बारीकसं काहीतरी दिसतंय. घरावर मांजर चढल्यासारखं. ते काय आहे?"

तेन्री खाली पाहत होती. शाळेमागे नव्या जागी घर उभं होतं, त्याच्या जिन्यावर इंदो बसली होती, आणि तिच्या पायाशी फदलान पातेली घासत होता. वारा असेल, असं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तो आपल्या विद्यापीठाचा उपक्रम होता."